साठ मीटरांपलीकडचे रोडगे

उकंडराव पोस्टमास्तरांना फक्त शंभर रोडगे भाजायचे होते. यापेक्षा जास्त त्यांनी सरकारकडे किंवा देवाकडे काही मागितलं नव्हतं. तरी त्या रोडग्यांपायी गॅसचा अख्खा पंप दोनदा बंद पडला, तालुक्याच्या कचेरीत एक अर्ज चार टेबलं फिरला, आणि मास्तरांच्या बायकोच्या कपाटाचं दार कडुनिंबाला लटकलं. हे सगळं क्रमानं सांगावं लागेल.

रोडगा म्हणजे काय ते बीबी गावात कोणाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की तेलाचा हात लावून थर दिलेला कणकेचा मुठीएवढा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकून फोडायचा, वर तूप ओतायचं, आणि वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. वावरातल्या मारोतीला नवस बोलतात तो याचाच.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मारोतीला जाऊन सांगितलं, की यांची नजर नीट आली तर तुला सव्वा पायलीचे रोडगे करीन. नजर आली. पण मग सोयाबीन काढणीला आलं, मग भाच्याचं लग्न निघालं, आणि रोडगे मागं पडत गेले. आणि फाल्गुनात मंजुळाबाईच गेल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मारोतीचं राह्यलं हो." मास्तर म्हणाले, "करू ना. घरी तर चाल आधी." त्या घरी आल्या नाहीत.

आता वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत तिचा नवस फेडायचा, एवढं एकच काम मास्तरांनी मनाशी धरलं होतं.

पहिला घोटाळा चहानं केला. जागा पाहायला म्हणून मास्तर आणि त्यांची थोरली बहीण तानुबाई वावरात गेले. तानुबाई साखरखेर्ड्याच्या, वय पंच्याहत्तर. नवसाच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि इतर कामांतही त्या कोणाला शेवटचा शब्द घेऊ देत नसत. त्यांना चहाची तल्लफ आली. मास्तरांनी मारोतीपुढे तीन दगड मांडले, दोन गोवऱ्या मोडून घातल्या आणि काडी ओढली. पाणी कोमटसुद्धा झालं नसेल, तोच धुऱ्यापलीकडे भोंगा सुरू झाला. असा, की झाडावरचे बगळे उडाले आणि तानुबाईंच्या हातातली साखर सांडली.

धुऱ्यापलीकडे महामार्गाला लागून वर्षभरापूर्वी एक पंप उभा राहिला होता. पेट्रोल-डिझेलचा नाही. एलएनजी नावाचा गॅस असतो, तो इतका थंड करतात की त्याचं पाणी होतं, आणि त्यावर मोठे ट्रक चालतात. बीबीत त्याला थंड्या गॅसचा पंप म्हणत. तिथला पहारेकरी गणेश हातातली काठी टाकून पळत आला.

"मास्तर! इझवा! इझवा ते आधी!"

"काऊन?" तानुबाई म्हणाल्या. "चहा आहे तो."

"आत्याबाई, तुमच्या चहानं पंप बंद पडला ना!"

मास्तरांनी मान वर करून पाहिलं. खरंच सगळं थांबलं होतं. ओळीत उभ्या ट्रकांचे ड्रायव्हर खिडकीतून माना काढून या चहाबद्दल हिंदीत आपापलं मत मांडत होते. गणेशच्या मागून डोक्यावर पांढरी टोपी घातलेली एक मुलगी झपझप आली. ही अनुपमा, पंपाच्या सुरक्षेची अधिकारी. चिखलीची मुलगी, वय अठ्ठावीस. आधी तिनं आग विझवली, मग नमस्कार केला. हा क्रम मास्तरांना लागला.

"काका, त्या खांबावर यंत्र आहे. ते ज्वाळा ओळखतं. ज्वाळा दिसली की झडपा आपोआप बंद होतात."

"दोन गोवऱ्यांची ज्वाळा? इतक्या दूरून?"

"हो."

"माह्या ऑपरेशननंतर मलेही एवढं दिसत नाही," मास्तर म्हणाले.

अनुपमा हसली नाही. तिनं मोबाइलवर एक कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "ही सही तुमची ना?"

सही त्यांचीच होती. ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. पंप मंजूर होताना शेजारच्या जमीनमालकांची ना-हरकत घेतली होती, ती ही. त्यातलं सातवं कलम असं होतं, की टाकीपासून साठ मीटरांच्या आत उघडी आग लावणार नाही. आणि मारोती टाकीपासून बेचाळीस मीटरवर होता.

इथं मास्तरांची बाजू समजून घेतली पाहिजे. तीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या जाळीमागे बसून लोकांना एकच गोष्ट सांगितली होती, की वाचल्याशिवाय सही करू नका. न वाचता अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. आणि हा कागद आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. समोर धुकं होतं. पण ग्रामपंचायतीत दहा माणसं पाहत असताना "मले दिसत नाही" हे पोस्टमास्तर कसं म्हणणार? त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, योग्य वेळानं मान डोलावली, योग्य वेळानं पान उलटलं, एकदा "हं" असंही म्हटलं, आणि सही ठोकली. ते "हं" बहुतेक सातव्या कलमालाच असावं.

"वाचून केली होती ना, काका?" अनुपमानं विचारलं.

"शब्द न् शब्द," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी ओट्यावर सल्ल्यांची रांग लागली. शेजारचा गोपाल खत-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईक नसलं की सल्ले देतो, म्हणजे जवळजवळ दिवसभर देतो. त्याचं म्हणणं, गॅसच्या शेगडीवर भाजा, कोणाले कळते? कोणी म्हणालं, घरी भाजून डब्यात न्या. मास्तरांचा मुलगा सागर पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, एअर फ्रायरमध्ये मस्त होतात. तुमच्या सुनेनं मागच्या रविवारी केले होते."

"त्यात गोवऱ्या कुठून घालता?" मास्तरांनी विचारलं.

तानुबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "मंजुळा बोलली तवा म्या तिच्या बाजूले उभी होती. तीन गोष्टी बोलली ते. घरच्या गोवऱ्या, सव्वा पायली गहू, अन् मारोतीच्या नजरेसमोर. यातलं एक हाललं तरी नवस फिटत नाही."

"मंग साठ मीटरच्या बाहेर भाजा," गोपाल म्हणाला. "नजर जाईन ना मारोतीची तिथवर."

पण अडचण तिथंच होती. मारोती दक्षिणमुखी. त्याच्या समोर पंप, आणि साठ मीटरांच्या बाहेरचं वावर सगळं त्याच्या पाठीमागे. जिथं आग लावता येत होती तिथं देवाची पाठ होती, आणि जिथं देवाची नजर होती तिथं गॅसची टाकी.

"थोडा फिरवला तर?" गोपाल म्हणाला.

"काय?"

"मारोती. थोडासाच."

तानुबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून दुकानात गिऱ्हाईक आलं का ते बघायला गेला.

मास्तर सरकारी माणूस. सरकारी माणसाचा कागदावर विश्वास असतो. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, 'विषय : रोडगे भाजण्यास परवानगी मिळणेबाबत', आणि तालुक्याच्या कचेरीत गेले. पहिल्या टेबलावरच्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हा धार्मिक कार्यक्रम आहे का ज्वलनशील पदार्थ?"

"दोन्ही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. चूक झाली. धार्मिक कार्यक्रमाचं टेबल म्हणालं, स्पीकर लावणार? नाही? मग परवानगी कशाची मागता? ज्वलनशील पदार्थांचं टेबल म्हणालं, साठा किती लिटर? गोवऱ्या लिटरमध्ये मोजत नाहीत म्हटल्यावर त्यांनी अर्ज जमिनीच्या टेबलाकडे ढकलला. तिथल्या बाईंनी सातबारा मागितला आणि त्यावर मारोतीची नोंद नाही म्हणून देव म्हणजे अतिक्रमण आहे का, अशी शंका काढली. चौथ्या टेबलावरचा माणूस भला होता. तो म्हणाला, "मास्तर, या पंपाचं सगळं स्फोटकांच्या खात्याकडे असते, ते नागपूरला. तुम्ही सरळ पंपवाल्यांले लिहा ना. शेजारीच तर आहेत."

मास्तरांनी लिहिलं. आणि तोंडी बोलण्याला पुरावा नसतो म्हणून पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पत्र बीबीतून निघालं, कुठं कुठं फिरून परत बीबीत आलं, आणि मारोतीपासून बेचाळीस मीटरवर पोचायला त्याला सहा दिवस लागले. या सहा दिवसांत मास्तर रोज वावरात जात, धुऱ्यावर अनुपमा दिसली की मान दुसरीकडे वळवत. उत्तर लेखीच यायला हवं होतं.

सातव्या दिवशी अनुपमाच धुऱ्यावर आली. हातात रजिस्टरचं पाकीट. "काका, हाक मारली असती तरी चाललं असतं."

"हाकेची पोचपावती मिळत नाही."

या वेळी ती हसली. म्हणाली, "आत या. एकदा पाहून घ्या, मग भांडू."

फाटकावर गणेशनं मास्तरांचा मोबाइल ठेवून घेतला, मग काडेपेटी, मग बिडीचं बंडल. बिडीचं बंडल सगळ्यांसमोर टेबलावर ठेवताना मास्तरांना उघड्यावर आंघोळ करावी तसं वाटलं. तानुबाईंना त्यांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की बिडी सोडली.

आत टाकी होती. थर्माससारखी, दोन भिंतींची, पण घराएवढी. भोवती सिमेंटची पाळ, सांडलं तर बाहेर जाऊ नये म्हणून. ट्रकात गॅस भरणाऱ्या माणसानं कोपरापर्यंत जाड निळे हातमोजे चढवले होते आणि तोंडापुढे काच होती. नळीवर बर्फाची पांढरी साय धरली होती, तीही भर उन्हात.

"शून्याच्या खाली एकशे बासष्ट," अनुपमा म्हणाली. "कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं. पण खरी भीती ती नाही. हा सांडला की पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरकतो. सखल जागा शोधतो. आणि याला वास नाही. घरच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम वास मिसळतात, इथं तो गोठून जातो. म्हणून नाकाचं काम यंत्रं करतात. धुकं सरकत गेलं आणि पुढे कोणाची चूल असली..."

ती थांबली. मास्तरांनी वळून पाहिलं. टाकीकडून त्यांच्या वावराकडे जमीन उतरती होती. ही गोष्ट त्यांना लहानपणापासून माहीत होती. पावसाचं पाणी याच वाटेनं यायचं आणि मारोतीच्या ओट्याला वळसा घालून पुढे जायचं.

"म्हणजे सांडलं तर ते मारोतीकडेच येईन," ते म्हणाले.

"हो, काका."

मास्तरांनी तो उतार पुन्हा एकदा नजरेनं मोजला. मग म्हणाले, "सातवं कलम बरोबर आहे तुमचं. आता वाचलं मी."

भांडण तिथंच संपलं आणि मोजमाप सुरू झालं. अनुपमानं फीत आणली, मास्तरांनी बैलाचा कासरा. फितीनं आणि कासऱ्यानं मोजून तुरीच्या मोकळ्या वावरात एक जागा ठरली, टाकीपासून पंच्याहत्तर मीटर, पाण्याच्या वाटेपासून बाजूला, चढावर, आणि वारा येतो त्या अंगाला. तिथंच पांदणीच्या, म्हणजे गाडीवाटेच्या, कडेला पंपाचा एक हिरवा फलक होता, 'एकत्र जमण्याचे ठिकाण'. काही झालं तर सगळ्यांनी पळत इथं यायचं, असा त्याचा अर्थ. आजवर तिथं फक्त गोपालच्या शेळ्या जमत, कारण त्या त्याच खांबाला बांधलेल्या असत.

"गावकऱ्यांना घेऊन सराव करायचा असतो," अनुपमा म्हणाली. "तीनदा बोलावलं. पहिल्यांदा चार जण आले, नंतर तेही नाहीत. वर काय कळवू?"

"देता काय सरावाले?"

"बिस्किटाचा पुडा."

"मंग चार आले हेच जास्त आहे," मास्तर म्हणाले.

तिनं परवानगी लेखी दिली, एका पानाची. आगीला पंपाच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा लावायचा. बादल्यांत माती भरून ठेवायची. आणि शेवटची अट, की भोंगा वाजला तर कारण न विचारता आग विझवायची. मास्तरांनी ती तीनदा वाचली आणि सही केली.

राहिली देवाची नजर. त्यावर तोडगा गोपालनं काढला, आणि तो इतका साधा होता की तानुबाईंनाही नाही म्हणता येईना. मारोतीपुढे आरसा लावायचा. पाठीमागचं सगळं त्याला आरशात दिसेल.

"आरशातली नजर चालते?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

तानुबाईंनी विचार केला. "कुंकू आरशातच पाहून लावतो ना आपण? मंग ते काय खोटं असते?" निकाल लागला.

पण हातातल्या छोट्या आरशात इतक्या दूरचं काय दिसणार? मोठा आरसा घरात एकच होता, मंजुळाबाईंच्या कपाटाच्या दाराला. वर्षभर त्या दारापुढे कोणी उभं राहिलं नव्हतं. मास्तरांनी स्क्रू काढायला घेतले. दोन निघाले, तिसरा गंजलेला होता. शेवटी अख्खं दारच बिजागरीतून काढलं. आत तिची लुगडी घडी घालून ठेवलेली होती. मास्तरांनी त्यांच्यावर एक चादर टाकली आणि दार खांद्यावर घेतलं.

शनिवार उजाडला. दार कडुनिंबाच्या फांदीला कासऱ्यानं टांगलं, खालून दगडाला बांधलं. मारोतीच्या समोर आता लोखंडी कपाटाचं दार लोंबत होतं, त्यावर कुलपाची मूठ, आणि आरशात दूरवर पत्र्याआडून गोवऱ्यांचा धूर. तानुबाई देवाच्या ओट्यावर त्याच्या उंचीला वाकून बसल्या, आरशात पाहिलं, आणि म्हणाल्या, "दिसते."

गावातून पस्तीस-चाळीस माणसं आली होती. बोलावलेली वीसच होती. निखारे लाल झाले, तानुबाईंनी वळलेले रोडगे एकेक करून त्यात गेले. वांग्याची भाजी उतरली. मास्तर धुतलेलं धोतर नेसून पत्र्याजवळ उभे होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना वाटलं की एक गोष्ट तरी नीट पार पडते आहे.

त्याच वेळी पंपाच्या फाटकात एक पांढरी गाडी शिरली. नागपूरहून तपासणीचे साहेब आले होते, न कळवता. ते गाडीतून उतरून टोपी डोक्यावर ठेवत होते, तेव्हाच कडुनिंबावर एक वांदर उतरलं.

मोठं, काळ्या तोंडाचं. तूर उभी होती तेव्हा तुरीत यायचं, आता वांग्याच्या वासानं आलं असावं. फांदीवरून ते खाली आलं आणि त्याला आरशात दुसरं वांदर दिसलं. यानं दात दाखवले. त्यानंही दाखवले. यानं चापट मारली. दगडाची गाठ सुटली, दार गरकन फिरलं, आणि वांदर दाराच्या दुसऱ्या बाजूला आपला वैरी शोधायला गेलं. तो तिथं नव्हता. ते परत आलं. तो परत होता. आता त्यानं दोन्ही हातांनी दार धरून गदागदा हलवायला घेतलं, आणि प्रत्येक गिरकीला दुपारचं ऊन त्या आरशातून लखलख करत सरळ पंपाच्या खांबावर जाऊन पडायला लागलं.

खांबावरच्या यंत्राला वांदर माहीत नव्हतं. त्याला लपलपणारा उजेड दिसला, आणि असा उजेड ज्वाळेचा असतो एवढं त्याला शिकवलेलं होतं. भोंगा वाजला.

"वांदर आहे!" गोपाल ओरडला. "मास्तर, काही नाही, वांदर आहे नुसतं! राहू द्या!"

मास्तरांनाही वांदर दिसत होतं. नवी नजर होती, स्पष्ट दिसत होतं. पण पंपात आत काय झालं ते इथून दिसत नव्हतं. भोंगा वांदरानं वाजवला की खरंच काही सांडलं, हे कोण सांगणार? कागदावर तर 'कारण न विचारता' असं लिहिलेलं होतं. निखाऱ्यात शंभर रोडगे होते, अर्धे कच्चे. वर्षश्राद्धाच्या आत दुसरा शनिवार नव्हता.

"माती टाका," मास्तर म्हणाले.

"मास्तर!"

"टाका म्हणतो ना!" आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "पत्रा पाडा त्याच्यावर. अन् माती वरून. पाणी नका टाकू, वाफ होईन. हात चालवा बे!"

त्यांनी स्वतः आडोशाचा पत्रा उचलून निखाऱ्यांवर आडवा टाकला आणि पहिली बादली उपडी केली. पाच बादल्या पडल्या. धूर एकदा बाजूनं निघाला आणि बंद झाला. तानुबाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात पंपाकडून माणसं धावत आली. गॅस भरणारे निळ्या हातमोज्यांसकट, ड्रायव्हर, गणेश, अनुपमा, आणि सगळ्यांच्या मागं नागपूरचे साहेब, एका हातानं टोपी धरलेले, दुसऱ्या हातात घड्याळ. हिरव्या फलकाजवळ येऊन ते वाकले, दम घेतला, आणि घड्याळ पाहिलं.

"दोन मिनिटं दहा सेकंद," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. समोर पस्तीस-चाळीस गावकरी, वरणाचं पातेलं, पत्रावळ्या आणि मातीचा ताजा ढीग. "हे कोण लोक?"

अनुपमानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी गणेश म्हणाला, "गावकरी, साहेब. सरावाले आले."

"सगळे?"

"हो साहेब. जेवण आहे ना."

साहेबांनी मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"आग होती," मास्तर पुढे झाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "परवानगीची होती. पंच्याहत्तर मीटरवर. भोंगा वाजला, विझवली."

"तुम्हाला कोणी सांगितलं विझवायला?"

"कागदानं."

साहेब मास्तरांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बारा पंप पाहिले मी यंदा. शेजाऱ्यानं आधी आग विझवली आणि मग चौकशी केली, असं एकाही ठिकाणी घडलं नाही."

पंपाकडून निरोप आला की आत सगळं ठीक आहे, सांडलेलं काही नाही, खांबासमोर एक वांदर कपाटाशी भांडतंय. 'कपाटाशी' हा शब्द साहेबांनी दोनदा विचारून घेतला. मग त्यांनी नावं लिहून घेतली, सगळ्यांची, गोपालच्या शेळ्या सोडून. अनुपमाच्या नोंदवहीत पहिल्यांदाच सरावाची दोन पानं भरली.

या सगळ्यात पाऊण तास गेला. मास्तर एका ढेकळावर बसून होते. आता पुन्हा पेटवायचं तर घरच्या गोवऱ्या उरल्या नव्हत्या. कणीकही नव्हती. तानुबाई उठल्या, ढिगाजवळ गेल्या, आणि पत्र्यावरच्या मातीवर हात ठेवला. पटकन काढून घेतला.

"उकंडा," त्या म्हणाल्या, "तापलं आहे हे."

गोवरीचा निखारा तसा मरत नाही. वरून दाबला की तो आत धुमसत बसतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि त्या क्षणी एकीलाही आठवलं नव्हतं. अनुपमानं पंपाकडे फोन लावला, सगळं नीट असल्याची पुन्हा खात्री केली आणि मान हलवली. माती सारली. पत्रा उचलला. खाली राखेत शंभर रोडगे बसले होते, बदामी, एकसारखे, कुठं काळा डाग नाही. एवढे सारखे भाजलेले रोडगे बीबीत कोणी पाहिले नव्हते.

"पण देवाची नजर?" गोपालनं नको तेव्हा विचारलं. "आरसा तर फिरला होता."

सगळे तानुबाईंकडे बघायला लागले. तानुबाईंनी कडुनिंबाकडे पाहिलं. वांदर आता आरशातल्या वांदराशी समेट करून, त्याच्याच शेजारी शांत बसून उवा वेचत होतं.

"आरसा कशाले लागते?" त्या म्हणाल्या. "तो सोता आला ना पाहाले."

पहिला रोडगा मास्तरांनी मारोतीपुढे ठेवला. हात जोडले आणि म्हणाले, "तिचं होतं. फिटलं." जास्त काही सुचलं नाही.

मग पंगत बसली. ड्रायव्हर बसले, हातमोजे काढून पंपाची माणसं आळीपाळीनं बसली, साहेब मांडी घालून बसले आणि तीन रोडगे खाल्ले. चौथा अनुपमानं त्यांच्यासाठी कागदात बांधून दिला. ज्याचा नवस त्यानं शेवटी जेवायचं असतं. मास्तरांची पाळी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मंजुळाबाईंच्या हातचे रोडगे त्यांनी एकेचाळीस वर्षं खाल्ले होते, आणि एकदाही चांगला म्हटला नव्हता. 'जरा कडक झाला' म्हणायचे, नाहीतर 'मीठ कमी आहे'. म्हणत म्हणत चार खायचे. यातलं काय ते तिनं समजून घ्यावं, असा हिशोब. तिनं घेतलं का समजून, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी रोडगा फोडला. वाफ निघाली. तूप आत उतरू दिलं आणि घास घेतला. दाताखाली थोडी माती कचकन लागली.

"चांगला झाला, मंजुळा," ते म्हणाले. मनात नाही, मोठ्यानं.

मग वाढप्याची परात कमरेला लावून उभ्या असलेल्या तानुबाई कडाडल्या.

"वा रे वा! पीठ म्या मळलं, गोळे म्या वळले, कंबर माही गेली, अन् कौतुक तिचं!"

मास्तरांना ठसका लागला. हसू आणि घास एकदमच आले. गोपालनं पाठीवर थापा मारल्या, अनुपमानं पाण्याचा तांब्या पुढे केला. डोळे पुसून, दम खाऊन मास्तर म्हणाले, "तुहाही चांगला झाला, बाई."

"मंग गुमान दुसरा घे," तानुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हो म्हणायच्या आतच वाढला.